चित्राबाईंची पाच अ‍ॅप्स

एका जंगलात पाणवठ्याला पाणी जेमतेम होतं, पण नेटवर्क मात्र भरपूर होतं.

बाळांनो, मोबाइल जरा बाजूला ठेवा. नाही ठेवत? बरं, मग एका कानाने ऐका आणि दुसऱ्या कानाने सोडून द्या. मला सवय आहे.

तर त्या जंगलात चित्राबाई नावाची एक हरणी राहायची. स्वभावाने भित्री आणि भिडस्त. भित्री होती म्हणून इतकी वर्षं जगली. भिडस्तपणाने काय झालं, तेच तर सांगायला बसलोय.

पूर्वी वाघ निघाला की झाडावरची वानरं ओरडायची आणि खाली सगळे पळायचे. मग दरबाराने 'वाघ आला' नावाचं अ‍ॅप काढलं. वानराने वरून बटण दाबायचं, की खाली सगळ्यांचे मोबाइल वाजायचे. वानरांचे घसे वाचले. हळूहळू ती ओरडायचंच विसरली. याला प्रगती म्हणतात, वहीत लिहून घ्या.

आता त्याच जंगलात संक्रांतीचं हळदीकुंकूही व्हायचं. वाण म्हणून मूठभर बोरं नाहीतर उसाचं कांडं मिळायचं. खाल्लं की संपलं. पण एका वर्षी डुकरीणकाकूंना वाटलं, यंदा काहीतरी नवीन लुटावं. त्यांनी प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये 'चिखलस्नान' नावाचं सौंदर्याचं अ‍ॅप घालून दिलं. झालं, चढाओढ लागली. घोरपडमावशींनी 'ऊन किती?' दिलं. मावशी दिवसभर दगडावर उन्हातच पडलेल्या असायच्या, पण ते असो. मुंगूसवहिनींनी 'साप ओळखा' दिलं. कोल्हीणबाईंनी 'आजचं भविष्य' दिलं आणि वर रोज वाचतेस ना म्हणून विचारायलाही येऊ लागल्या.

वाणाला नाही म्हणायचं नसतं. तीन संक्रांतींत चित्राबाईच्या मोबाइलमध्ये दोनशे अ‍ॅप्स झाली.

एका दुपारी ती पाणवठ्यावर पाणी पीत होती. वाघ आला, शेजारी उभा राहून पाणी प्याला आणि ढेकर देऊन निघून गेला. त्याचं जेवण झालं होतं म्हणून बरं. दोनशे अ‍ॅप्सखाली दबलेला चित्राबाईचा मोबाइल संध्याकाळी वाजला, 'वाघ आला.'

दुसऱ्या दिवशी ती कासवआजोबांकडे गेली. घर सोडून अंगावर दुसरं सामान नाही, म्हणून साधेपणावर बोलायचा मान जंगलात त्यांचाच.

"रोज काय लागतं तुला?" आजोबांनी विचारलं.

"वाघ कुठे ते. पाणी कुठे ते. पाऊस येणार का ते. अंधारात दिवा. आणि आईशी बोलायला एक."

"झाली की पाच! बाकीची काढून टाक."

"पण आजोबा, ती वाणं आहेत."

"मग? एकदा घेतलं की आपलं. ठेवू नाहीतर टाकू."

आजोबांना आजवर कुणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

चित्राबाईने घरी येऊन देवाचं नाव घेतलं आणि 'चिखलस्नान' काढलं. ती पाणी प्यायला उठते न उठते तोच डुकरीणकाकू दारात.

"काय गं चित्रा, आमचं वाण जड झालं होय तुला?"

"तुम्हाला कसं कळलं, काकू?"

"कळतं. कुणी काढलं की माझ्या मोबाइलवर नाव येतं."

काकूंच्या मागे घोरपडमावशी होत्या, कोल्हीणबाई होत्या, मुंगूसवहिनी होत्या. आपलं काढायच्या आधीच अडवलेलं बरं, म्हणून आल्या होत्या. चित्राबाईने घाईघाईने 'चिखलस्नान' परत घातलं. तेवढ्यात काकूंनी 'चिखलस्नान भाग दोन'ही घालून दिलं. कुणीतरी आणखी एक घातलं. मोबाइल म्हणाला, जागा नाही.

"मग काढ की एखादं," कोल्हीणबाई म्हणाल्या. "आमचं सोडून."

चित्राबाईने पावसाचं काढलं. मग दिव्याचं. मग पाण्याचं, कारण पाणी काय, डोळ्यांनीही दिसतं. आईचं काढायला हात होईना. तरी मोबाइल रडतच होता.

"माझं काढ हो," मुंगूसवहिनी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. "मी मनाला लावून घेणार नाही. माझं कोण आहे या जंगलात?"

आता काय करायचं, सांगा? चित्राबाईने खूप विचार केला. 'वाघ आला' हे कुणाचं वाण नव्हतं. ते काढलं तर दरबार काही दारात येऊन रुसून बसणार नव्हता.

तिने ते काढलं. मोबाइल लगेच पळायला लागला. बायका चहा पिऊन, पोहे खाऊन गेल्या.

चौथ्या दिवशी वाघ पाणवठ्याकडे निघाला, आणि त्याने दोन दिवस काही खाल्लेलं नव्हतं. वानराने वरून बटण दाबलं. त्याच्या मोबाइलवर आलं, 'ही सूचना घेणारं पाणवठ्यावर कुणी नाही.' कारण बाकीच्यांच्या घरीही शेजारणी येऊन गेल्याच होत्या. वानराने ओरडायला तोंड उघडलं, तर नुसता खोकला आला.

पाणवठ्यावरच्या इतरजणी गवत हललेलं पाहून पळाल्या. चित्राबाई तेव्हा मान खाली घालून मुंगूसवहिनींच्या अ‍ॅपला पाच तारे देत होती. दोन दिले तर वहिनींना कळलं असतं.

मला तिचं वाईट वाटतं, बाळांनो. गरीब होती बिचारी.

तेराव्याला शेजारणी तिच्या नवऱ्याला भेटायला आल्या. रडून झाल्यावर डुकरीणकाकूंनी हळूच विचारलं, "भावोजी, तिचा मोबाइल सापडला का हो?"

सापडला होता. चौघींनी आळीपाळीने हातात घेऊन पाहिला. चौघींची वाणं जागच्या जागी होती. तेव्हा कुठे त्यांना खरं रडू आलं.

"सोन्यासारखी बाई," काकू म्हणाल्या. "गेली, पण कुणाचं मन मोडून नाही गेली."

तात्पर्य : वाघ आयुष्यात फार तर एकदा येतो, शेजारीण रोज येते. मोबाइलमध्ये जागा करताना आधी शेजारणीचा विचार करावा.