अर्धापूर मॉडेल

गतिमान चार्ज लिमिटेड या कंपनीचे दुसऱ्या तिमाहीचे निकाल जाहीर झाले आणि तोटा वाढल्याचे निष्पन्न झाले. ही बाब गंभीर होती, कारण त्या तिमाहीत कंपनीचा धंदाही वाढला होता. विजेवरच्या गाड्या पूर्वीपेक्षा जास्त आल्या, पोटभर वीज घेऊन गेल्या आणि पैसेही देऊन गेल्या. तरी तोटा. याची कारणमीमांसा करण्यासाठी पुण्याच्या मुख्य कार्यालयाने तिघांची समिती नेमली. तिघेही बैठकीला पेट्रोलच्या गाडीतून येत, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

समितीला असे आढळले की, गिऱ्हाईक लागावे म्हणून कंपनी वीज महाग घेते आणि स्वस्त देते. म्हणजे एक गाडी चार्ज झाली की कंपनीचे नुकसान होते, दहा झाल्या की दहापट होते. माहूरच्या केंद्राची कामगिरी सर्वांत निराशाजनक होती. श्रावणात रेणुकामातेच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी तिथे रांगा लावल्या होत्या आणि तिथल्या व्यवस्थापकाने, कसलाही विचार न करता, त्या सगळ्या चार्ज करून दिल्या होत्या. मराठवाड्यात एकच केंद्र असे निघाले, जिथे विजेपायी एक पैसाही बुडाला नव्हता. ते केंद्र अर्धापूरचे.

अर्धापूरच्या केंद्राला वीज नव्हती.

याला कुणाचा हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. कंपनीचे विभागप्रमुख मल्लिकार्जुन सर लातूरला बसत आणि मुहूर्ताशिवाय पेनाचे टोपणही उघडत नसत. केंद्राचे उद्घाटन त्यांनी अक्षय तृतीयेला उरकले. दारात केळीचे खांब लागले, फीत कापली गेली, दोन्ही यंत्रांना हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. वीजजोडणीचा अर्ज तेवढा राहिला होता. तो भरायला बसले तर अधिक महिना लागला, अधिक संपला तर पुढे कसलासा अस्त निघाला, तो टळेपर्यंत पितृपंधरवडा आला. अशुभ काळात विजेसारखी वस्तू घरात आणू नये, असे सरांचे स्पष्ट मत होते.

केंद्रावर सुगत नरवाडे हा तरुण व्यवस्थापक होता. त्याने नांदेडला विजेच्या विषयातच पदविका घेतली होती. त्याच्या नेमणुकीपुढे कंसात ‘तात्पुरता’ असा शब्द होता आणि तो शब्द जावा एवढीच त्याची इच्छा होती. सकाळी यंत्रे पुसायची आणि दिवसभर आलेल्या गाडीवाल्यांना वीज नसल्याचे सांगायचे, असे कामाचे स्वरूप. हे तो इतक्या अदबीने सांगे की माणूस चहा पिऊन, आभार मानून, कशीबशी नांदेडपर्यंत जाई.

उद्घाटनाचे भाषण मनावर घेणारी व्यक्ती गावात एकच निघाली. ती आरती. ‘अर्धापूरचे भविष्य आता विजेवर धावणार’ हे ऐकून तिने विजेवरचा ऑटो घेतला. आसपासच्या गावांतल्या पोरींना ती नांदेडच्या कॉलेजात नेई-आणी. चालवणारी बाई आहे, ओळखीची आहे, एवढ्या एका भरवशावर बाप मंडळींनी त्या पोरींना बारावीपर्यंत येऊ दिले होते. ऑटो नसेल तर कॉलेजही नाही, हा हिशेब प्रत्येक घरात ठरलेला होता. सुगतची बहीण लुंबिनी त्याच ऑटोत जाई. आरतीचे घरमालक हणमंतराव हे केळीचे मोठे व्यापारी. ते ऑटोला घरात प्लग लावू देत नसत. त्यामुळे पोरी कॉलेजात असताना ती नांदेडच्या गतिमान केंद्रावर ऑटो चार्ज करून घेई.

समितीचा अहवाल आला आणि मल्लिकार्जुन सर लातूरहून स्वतः अर्धापूरला आले.

“नरवाडे, तुम्ही नेमकं काय केलं?” त्यांनी विचारले.

“काहीच न्हाई, सर,” सुगत घाबरून म्हणाला.

“शाब्बास! हेच माहूरवाल्याला जमलं नाही.”

“पन सर, लाईटच न्हाई हितं. म्हनून तोटा न्हाई.”

“नरवाडे, कारणं सांगू नका. यश घ्यायला शिका.”

सुगतने यश घेतले. घेताना मात्र त्याचा चेहरा पडला, कारण सर आता यंत्राचे दार उघडत होते आणि आत काय आहे ते त्याला ठाऊक होते. आत केळी होती. केळी पिकायला बंद, उबदार जागा लागते. दिवसभर उन्हात तापणारी ही लोखंडी कपाटे हणमंतरावांनी हेरली होती आणि महिन्याच्या भाड्याने घेतली होती. भाडे सुगत इमानदारीने कंपनीच्या खात्यात भरत होता. गेल्या तिमाहीत मराठवाड्यातून कंपनीला झालेली निव्वळ कमाई तेवढीच होती.

सरांनी एक केळे सोलले, खाल्ले आणि बराच वेळ विचार केला. मग त्यांनी पुण्याला फोन लावला.

पुण्याचे वित्त अधिकारी हुशार होते. त्यांनी मत दिले की, केळ्यात ऊर्जा असते ही बाब शास्त्राने मान्य केलेली आहे. कंपनीचे ध्येयवाक्य ‘प्रत्येक प्रवाशाला ऊर्जा’ असे आहे. ती ऊर्जा तारेतूनच द्यावी की सालीतून, याबाबत नियम मौन बाळगून आहेत. सबब कंपनीच्या यंत्रातून बाहेर पडलेल्या प्रत्येक केळ्याची ऊर्जा युनिटमध्ये रूपांतरित करून ‘वितरित ऊर्जा’ या सदरात दाखवण्यास हरकत नसावी. केळी हणमंतरावांची आणि विक्रीही हणमंतरावांची, तर कंपनीचे काय, असा प्रश्न एका नव्या मुलीने विचारला. तिची दुसऱ्या विभागात बदली झाली.

तिसऱ्या तिमाहीचे निकाल लागले तेव्हा कंपनीची वितरित ऊर्जा दुप्पट झाली होती आणि तोटा निम्म्यावर आला होता. गुंतवणूकदारांच्या बैठकीत कुणीतरी विचारले, “अर्धापूरला चार्जिंगला वेळ किती लागतो?”

“केळं सोलायला लागतो तेवढा,” वित्त अधिकारी म्हणाले.

देशातली सर्वांत जलद चार्जिंग सेवा म्हणून त्याची बातमी झाली आणि शेअर उसळला.

आता अर्धापूर मॉडेल सर्वत्र राबवणे क्रमप्राप्त होते. माहूरच्या व्यवस्थापकाला पत्र गेले: ‘आपल्या केंद्रावर वाहने चार्ज होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकार कोणाच्या परवानगीने सुरू आहे, याचा लेखी खुलासा तात्काळ सादर करावा.’ मुदखेडच्या व्यवस्थापकाने खुलासा मागवण्याची वाटच पाहिली नाही. त्याने मुख्य तार काढली, तिची गुंडाळी केली आणि सप्रेम भेट म्हणून पुण्याला पाठवली. नांदेड केंद्राची वीज प्रजासत्ताक दिनी, झेंडावंदनानंतर, जिलेबी वाटून समारंभपूर्वक तोडण्यात आली.

दुसऱ्या दिवशी आरती सुगतपुढे येऊन उभी राहिली. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि परीक्षेचे केंद्र नांदेडला होते.

“सुगतभाऊ, नांदेडचं बंद, मुदखेडचं बंद. आता म्या ऑटोला केळी चारू का?”

“वरूनच आदेश हाय, ताई. माझ्या हातात काय न्हाई.”

“तुमच्या हातात न्हाई, सरांच्या हातात न्हाई. मग लाईट बंद केली कोन? आपोआप गेली का?”

“आरतीताई, माझं कायम व्हायचंय. एवढी तिमाही जाऊ द्या.”

“तुमची तिमाही जाईल. पोरींची परीक्षा याच तिमाहीत हाय.”

सुगत फडके घेऊन यंत्र पुसू लागला. आरतीने त्याचा नाद सोडला आणि स्वतः वीज कचेरीत गेली. तिने अर्धापूर केंद्राच्या जागेची माहिती दिली, कागद दिले, मुहूर्त विचारला नाही. अमावास्येच्या दिवशी दिलेला तो अर्ज आठवड्यात मंजूर झाला. इतके दिवस कुणी मागितलीच नव्हती, म्हणून वीज आली नव्हती, हे त्या कचेरीतल्या लोकांनी तिला चहा पाजून सांगितले.

केंद्राला वीज येणार ही बातमी गावात पोचली आणि अर्धापूरवर सुतककळा पसरली. कारण एव्हाना गतिमानचा शेअर गावात घरोघरी होता. अर्धापूर मॉडेलचा शेअर अर्धापूरकरांनी घ्यायचा नाही तर कुणी? मास्तरांनी घेतला, दवाखान्यातल्या कंपाउंडरने घेतला, पोरींच्या बापांनी घेतला. लोक दूध तापायच्या आधी भाव बघत. वीज आली म्हणजे गाड्या येणार, गाड्या आल्या म्हणजे तोटा होणार, तोटा झाला म्हणजे शेअर झोपणार. हणमंतरावांनी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली.

“लाईट आली तर सारं गाव अंधारात जाईल,” ते म्हणाले. यावर सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

“पन आडवायचं कसं?” कंपाउंडरने विचारले. “सरकारी मानूस येनार. त्याला नको कसं म्हनायचं?”

“नको म्हनायचंच न्हाई. सत्कार करायचा.”

बैठक तिथेच संपली. नको असलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रकारे घालवता येते. हाकलून किंवा शाल पांघरून. दुसऱ्या प्रकारात पोलीस येत नाहीत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वायरमन धोंडप्पा शिडी आणि मीटर घेऊन आला. केंद्राच्या दारात पुन्हा केळीचे खांब लागले होते. धोंडप्पा खांबावर चढायच्या आत त्याच्या गळ्यात हार पडला. मग शाल, मग श्रीफळ, मग फेटा. त्याच्या निरपेक्ष सेवेवर तीन भाषणे झाली. धोंडप्पा मूळचा देगलूरकडचा, साधा माणूस. उभ्या जन्मात त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. तो गहिवरला. तरी त्याला आपले काम आठवले.

“ते मीटर बसवायचंय,” तो म्हणाला. “जागा ज्याच्या ताब्यात हाय त्याची सही लागती. कोन हाय?”

सगळ्यांनी सुगतकडे पाहिले. मल्लिकार्जुन सर मुद्दाम लातूरहून आले होते. त्यांनी बंडीच्या खिशातून एक लखोटा अर्धा बाहेर काढून सुगतला दिसेल असा धरला. लखोट्यावर ‘कायम नियुक्ती’ असे लिहिले होते. समोर ऑटोत परीक्षेच्या पोरी बसल्या होत्या, त्यांत लुंबिनी होती. ऑटो बसस्टँडपासून तिथवर त्यांनीच ढकलत आणला होता.

सुगतने पेन घेतला. टोपण काढले, पुन्हा लावले. त्याने पेन परत धोंडप्पाच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, “तिमाही संपल्यावर या.”

धोंडप्पा शाल सांभाळत शिडी घेऊन गेला. टाळ्या पडल्या. टाळ्या सुरूच होत्या म्हणून गावाने त्याच भरात आरतीचाही सत्कार उरकून घेतला. कंपनीतर्फे तिला ‘हरित कन्या’ ही पदवी देण्यात आली. ती माईकपुढे उभी राहिली.

“मला शाल नको,” ती म्हणाली. “लाईट द्या. उद्या पोरींचा पेपर हाय. ह्यांच्या बापांनी पन शेअर घेतलाय, ते हितंच बसलेत. त्यांनी माझ्याकडं बगावं.”

एवढ्या जोरात टाळ्या धोंडप्पालाही मिळाल्या नव्हत्या. बाई लई मनापासून बोलल्या, असे बापांचेच मत पडले. आरती रडली नाही. तिने शालीची घडी घातली, सरांच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरली. मला या ठिकाणी विनोद सुचत नाही, चीड येते. पण सभा चांगली झाली हे कबूल केले पाहिजे. पुण्याहून आलेल्या फोटोवाल्याने पोरींना ऑटोतून हसायला सांगितले, आणि लहानपणापासूनची सवय म्हणून पोरी हसल्या.

सकाळी सुगतने आपली मोटारसायकल काढली. पेट्रोलची होती, पटकन सुरू झाली.

“बस मागं,” तो लुंबिनीला म्हणाला.

“दादा, बाकीच्या?”

“त्यांचे भाऊ नेतील.”

“त्यांचे भाऊ भाव बघून राहिले,” लुंबिनी म्हणाली. तरी ती बसली. पेपर होता. रस्त्यात तिने ऑटोकडे पाहिले नाही. आरती हँडल धरून बसली होती आणि मागे पोरी मांडीवर पुस्तके उघडून बसल्या होत्या, निघायची वेळ झाल्यासारख्या.

चौथ्या तिमाहीचे निकाल विक्रमी लागले. बारावीच्या निकालात लुंबिनी पास झाली. बाकीच्या पोरींच्या नावापुढे गैरहजर असे आले, त्यामुळे नापासांचा आकडा वाढला नाही आणि कॉलेजचीही कामगिरी सुधारली. त्यांतल्या दोघींची लग्ने ठरली. कंपनीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर सगळ्या पोरींचा ऑटोतला फोटो छापून आला. खाली ओळ होती: ‘तिच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत.’

तो फोटो तुमच्या मोबाइलवरही आला होता. सुंदर आहे, हसऱ्या पोरी, मागे केळीचे खांब. तुम्ही तो घरच्या ग्रुपवर टाकलात, खाली दोन हात जोडलेत, आणि कंपनी चांगलं काम करतेय म्हणून थोडे शेअरही घेतलेत. ऑटो चालतो की नाही, हे तुम्ही विचारलं नाही. तुमची काय चूक? फोटोत सगळ्याच गाड्या उभ्या असतात.