पाच घोडे, नऊ गोचिडी

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी मास्तरांच्या हातात एक रिकामी बाटली ठेवली आणि म्हणाल्या, “सोमवारी सकाळपर्यंत हिच्यात गोचिडी घालून द्या.”

मास्तर घोडेस्वारी शिकवत. स्वतःची पागा, स्वतःचे पाच घोडे आणि मागे कुंपण घातलेलं कुरण एवढा त्यांचा संसार. त्यांनी “टाच खाली!” अशी आरोळी ठोकली की रस्त्याने जाणारी माणसंसुद्धा जागच्या जागी टाच खाली घेत.

“गोचिडी?” मास्तर म्हणाले. “डॉक्टरबाई, माझ्या पागेत गोचीड औषधालासुद्धा मिळायची नाही.”

“औषधाला नकोच आहे. तपासणीला हवी आहे.” डॉक्टरबाईंनी पिशवीतून कागद काढला. “तुमच्या पाचही घोड्यांच्या रक्तात गोचीड-तापाच्या खुणा सापडल्यात. आत्ता कुणी आजारी नाही. पण कधीतरी ताप येऊन गेलाय.”

“मला न सांगता?” मास्तर म्हणाले. घरातल्या मुलीने परस्पर लग्न उरकून यावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“घोडे सांगत नसतात, मास्तर. दोन दिवस कणकण येते, चारा कमी खातात, आपल्याला वाटतं ऊन बाधलं. पण हा ताप आणणारी गोचीड नेमकी कुठली, ते बघायला हवं. नमुना मिळाला की अर्जाचा अकरावा रकाना भरेल. तो भरला की प्रमाणपत्र.”

प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय शाळेच्या मुख्याध्यापिका चाळीस मुलांना शिकायला पाठवणार नव्हत्या, आणि चाळीस मुलं आली नाहीत तर पाचांपैकी दोन घोडे विकावे लागणार होते. कुठले दोन, हा विषय घरात कुणी काढत नसे.

शनिवार आणि रविवार मास्तरांनी चिमटा घेऊन घोडे पालथे घातले. आयाळ झाली, कान झाले, पोटाखालचा भाग झाला. शेपटीखाली बघताना भिंगरी घोडीने लाथ मारली. तोफ नावाची म्हातारी घोडी तपासणी चालू असताना उभ्या उभ्या झोपली. मास्तर रोज पहाटे प्रत्येक घोड्याला अर्धा अर्धा तास खरारा करत. त्याचं फळ आता समोर होतं. पाच घोड्यांत मिळून एक गोचीड नाही.

“आधी सांगितलं असतं तर पाळल्या असत्या,” बॅटरी धरून उभी असलेली बायको म्हणाली.

“थट्टा सुचतेय तुला.”

“मला कुठली सुचायला? हात भरून आलाय माझा.”

रविवारी संध्याकाळी मास्तर हताश होऊन कुंपणापाशी उभे होते. पलीकडे शेजारी आपल्या कुत्र्याच्या कानात काहीतरी शोधत बसले होते. हे शेजारी निवृत्त हेडक्लार्क. कुत्र्याचं नाव त्यांनी ‘साहेब’ ठेवलं होतं. तीस वर्षं साहेबाचं ऐकलं, आता साहेबाने आपलं ऐकावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. साहेब ऐकत नसे. पण नावाचा मान म्हणून सगळी गल्ली त्याला अहो-जाहो करत असे.

“काय काढताय?” मास्तरांनी विचारलं.

“गोचिडी हो. रोजचंच आहे साहेबांचं. हव्यात का?” शेजारी हसत म्हणाले.

“हव्यात.”

शेजाऱ्यांचं हसू जागीच राहिलं. इतक्या वर्षांच्या शेजारात शिडी गेली होती, हातोडी गेली होती, एकदा खाटसुद्धा गेली होती. गोचिडी मागायला कुणी आलं नव्हतं. पण ते जुने कारकून. मागणी आली की पुरवठा करायचा, कारण विचारायचं नाही. त्यांनी मोजून नऊ गोचिडी बाटलीत टाकल्या.

मास्तरांनी अकराव्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, ‘नऊ. घोड्याच्या अंगावरून.’

“कुठल्या घोड्याच्या?” बायकोने खांद्यावरून वाकून विचारलं.

“तोफेच्या. ती तक्रार करायची नाही.”

“मला हे आवडलेलं नाही,” बायको म्हणाली. त्यावर मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं.

बुधवारी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता. “मास्तर, तुमच्या गोचिडींच्या पोटात कुत्र्याचं रक्त निघालंय!”

मास्तरांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. त्याने काही फरक पडला नाही.

“तुमच्याकडे कुत्रा आहे?”

“नाही,” मास्तर म्हणाले. हे खरं होतं, आणि खरं बोलण्याची ही सगळ्यात वाईट वेळ होती.

“मग घोडीच्या अंगावरच्या गोचिडीत कुत्र्याचं रक्त आलं कुठून?”

“तोफ जरा चावरी आहे.”

“एकही दात नाही तिला. मीच तपासलेत. मास्तर, हे प्रकरण साधं नाही. मी वर कळवलंय. शुक्रवारी आमचे साहेब स्वतः येताहेत.”

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी तीन वेळा फोन उचलला आणि तीन वेळा ठेवला. कबूल करावं तर प्रमाणपत्र जातं, न करावं तर साहेब येतात.

गुरुवारी डॉक्टरबाईंनी पुन्हा फोन केला तेव्हा मास्तर कुरणात होते. फोन बायकोने घेतला. ती कपडे वाळत घालत होती, आणि हात कामात असले की तिला खोटं बोलता येत नसे.

“त्या नऊ होय? त्या साहेबांच्या अंगावरच्या आहेत.”

“आमच्या साहेबांच्या?” डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

“नाही हो, शेजारच्या साहेबांच्या. रोज कानातून निघतात त्यांच्या.”

“अरे देवा. डॉक्टरांना दाखवलं का त्यांनी?”

“दाखवतात की. तेवढ्यापुरता आराम पडतो. पण गवतात लोळायची सवय ना, ती काही जात नाही.”

डॉक्टरबाईंनी हे सगळं लिहून घेतलं.

शुक्रवारी गाडी आली. डॉक्टरबाई, त्यांचे टक्कल पडलेले, मोजकं बोलणारे साहेब आणि पेट्या उचलणारे दोघे. साहेबांनी पागेकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ कुंपणाकडे गेले. पलीकडे शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

“नमस्कार,” साहेब मायेने म्हणाले. “आपल्या कानातून गोचिडी निघतात असं समजलं.”

शेजाऱ्यांनी पेपर खाली घेतला. “कोण म्हणतं?”

“लाजायचं काही कारण नाही. गवतात लोळणं मात्र थोडं कमी करावं.”

“अहो, मी निवृत्त हेडक्लार्क आहे!”

“या वयात होतं असं कधी कधी,” डॉक्टरबाई धीर देत म्हणाल्या.

शेजारी उठून उभे राहिले. आता हातघाईवर येणार असं दिसताच मास्तर पागेतून धावत आले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. त्यांचा तो सुप्रसिद्ध आवाज कुणाच्याच कानापर्यंत गेला नाही, म्हणून त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. “गोचिडी घोड्याच्या नव्हेत. यांच्या कुत्र्याच्या आहेत. कुत्र्याचं नाव साहेब. मी बाटली भरायची म्हणून मागून आणल्या. प्रमाणपत्र नका देऊ. पण या गृहस्थांचे कान स्वच्छ आहेत.”

डॉक्टरबाईंनी आपली वही हळूच मिटली.

शेजाऱ्यांचा राग मात्र उतरायला तयार नव्हता, त्याने फक्त दिशा बदलली. “माझ्या कुत्र्याच्या? मास्तर, साहेब घरी येतात फक्त जेवायला! कुंपणाला भोक आहे तिथून जे जातात ते दिवसभर तुमच्या कुरणात. आत्ता कुठे आहेत बघा!”

सगळ्यांनी पाहिलं. कुरणाच्या कडेला तोफ उभी होती आणि तिच्या पोटाच्या सावलीत साहेब चारी पाय वर करून निजले होते.

“गोचिडी घेऊन येतात ते तुमच्याकडून! मी काढून काढून थकलो. शेजार म्हणून इतके दिवस बोललो नाही.”

टक्कलवाल्या साहेबांनी पेटीतून एक पांढरी चादर काढली. दोघांनी दोन टोकं धरली आणि ती कुरणातल्या गवतावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. चादर उलटी केली तेव्हा तिच्यावर तेवीस गोचिडी होत्या. मास्तरांनी त्या स्वतः मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

“त्याच जातीच्या आहेत,” डॉक्टरबाई भिंग लावून म्हणाल्या. “म्हणजे तुम्ही दिलेला नमुना बरोबरच होता.”

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली होती, आणि तीही त्यांना जमली नव्हती.

“पण मी रोज खरारा करतो,” ते म्हणाले.

“म्हणून तर अंगावर सापडल्या नाहीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “संध्याकाळी चिकटतात, पहाटे तुमच्या खराऱ्यात निघतात. मधल्या वेळात काम उरकून घेतात. यापुढे रात्री पागेत घेतानाही बघत जा. घोडे उत्तम आहेत.”

साहेबांनी अकराव्या रकान्यातलं ‘घोड्याच्या’ खोडून ‘कुरणाच्या’ लिहिलं आणि सही केली. शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी कुंपणाचं भोक बुजवलं. साहेबांनी शेजारीच नवीन पाडलं.

सोमवारी मुख्याध्यापिकांचा फोन आला. “प्रमाणपत्र पोचलं. एकच विचारायचं होतं. तुमच्याकडे गोचिडी आहेत?”

मास्तरांनी डोळे मिटले. तोफ आणि भिंगरी, दोघी त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. “आहेत,” ते म्हणाले. “तेवीस सापडल्या. आणखीही असतील.”

“बरं झालं. आणखी दोन पागांना विचारलं मी. दोघंही म्हणाले, आमच्याकडे एकही नाही. माझे वडील घोडे पाळायचे, मास्तर. एकही नाही म्हणणारा माणूस कधी गवतात वाकलेला नसतो. शनिवारपासून मुलं पाठवते. सगळ्यांना बूट घालून, पायमोजे वर ओढून.”

मास्तरांनी फोन ठेवला. बायको दारात उभी होती.

“काय म्हणाल्या?”

“चाळीस मुलं येताहेत.”

“घोड्यांवर खूश झाल्या वाटतं.”

“घोड्यांचं काही विचारलंच नाही त्यांनी,” मास्तर म्हणाले आणि चिमटा घेऊन कुरणात गेले.