पडवीतला फ्रिज

लोधिवलीच्या दामूकाकांचा फ्रिज पडवीत असतो. त्याच्या दाराच्या रबरात लोहचुंबक आहे, आणि आतल्या खोलीत काकांच्या फ्लॉप्या आहेत. मोबाइलच्या स्पीकरमध्येही चुंबक असते, म्हणून पाहुण्यांनी मोबाइल ओट्यावर ठेवायचा. एका विमा एजंटाने ठेवला नाही. त्याला काकांनी अर्ध्या कपावरून उठवले. ‘अक्कल गहाण’ ही त्यांची पदवी. ती काकूंसह सर्वांना मिळते. काकूंचे म्हणणे एवढेच, की फ्रिज बाहेर गेल्यापासून दुधावर पहिला हक्क मांजराचा.

काका चौक गावाजवळच्या एका कारखान्यात संगणकावर कामगारांची हजेरी चढवत. कारखाना आता बंद आहे; तिथला तो संगणक काकांनी भंगाराच्या भावात घरी आणला. फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या डबीतली पातळ चकती. तिच्यावरच्या लेपातले बारीक कण चुंबकाने या ना त्या दिशेला वळवायचे, हेच तिच्यावरचे लिहिणे. दुसरे चुंबक जवळ आले की लिहिलेले बिघडते. काका हे रागावूनच सांगतात, जणू ऐकणाऱ्याने कण आधीच फिरवलेत.

त्या यंत्राचे फ्लॉपी वाचणारे टोक पहिल्यापासून किंचित सरकलेले आहे. त्याने लिहिलेले त्यालाच वाचता येते. शिळफाट्याचा दुरुस्तीवाला ते सरळ करायला निघाला, तेव्हा काका म्हणाले, “सरळ केलंस तर मुकं व्हईल. हात काढ.”

गेल्या महिन्यात मी किसनला त्यांच्याकडे नेले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे त्याच कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. कागदोपत्री तो त्या दिवशी गैरहजर आहे. म्हणजे अपघात झालाच नाही. दहा कार्यालयांनी त्याला हेच ऐकवले. मूळ हजेरी काकांकडे असेल, ही त्याची शेवटची आशा होती.

काकांनी न विचारता एक फ्लॉपी काढली. यंत्र घरघरले. पडद्यावर किसनचे नाव आले. हजर, सकाळी सहा पंचावन्न.

काका म्हणाले, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून हजरचे गैरहजर मीच केले. त्याआधी एक प्रत खिशातून घरी आणली होती.

“मग एवढी वर्सं बोलला का नाय, काका?” किसनने विचारले.

काका भडकले. “अक्कल गहाण ठेवलीस का रं? तुला इचारायला येता येत नव्हतं? दर रविवारी लावून बघतो, तुझं नाव हाय का अजून.”

मग काकांचा आवाज खाली आला.

“दोनदा आलो व्हतो तुझ्या दारापातूर. तू डाव्या हातानं शर्टाचं बटण लावत व्हतास. तसाच माघारी फिरलो.”