एइनारच्या टाकीवरचा काटा

“हा काटा आता पन्नास वर्षं खोटं बोलणार नाही!” ऑरिन फॉस्डालने धक्क्यावर उभं राहून जाहीर केलं. आर्डिसच्या दोन्ही हातांत नवऱ्याच्या, एइनारच्या, रक्षेचा डबा होता, आणि अशा वेळी पेट्रोलच्या काट्याचं कौतुक करायला माणसाला तिसरा हात लागतो.

एइनार आणि ऑरिन यांची मैत्री साठ वर्षांची. शेवटचे चार महिने एइनार डुलुथच्या इस्पितळात होता आणि ऑरिन त्याला एकदाही भेटायला गेला नाही. म्हणजे, तीनदा गेला. इस्पितळाच्या आवारात गाडी उभी करून, चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या मोजून, तीनदा परत आला. जे पाय चढले नाहीत त्यांचं प्रायश्चित्त हातांनी घ्यावं, म्हणून त्याने एइनारच्या होडीतली जुनी पत्र्याची टाकी घरी नेली. तबकडीवरची अक्षरं उन्हाने खाल्ली होती. काटा, वारलेल्या माणसाच्या नावाने आलेल्या पत्रासारखा, कुठेच पोचत नव्हता. ऑरिनने सहा आठवडे खपून काटा हलता केला आणि तीन केसांच्या कुंचल्याने, ‘रिकामी’पासून ‘भरलेली’पर्यंतची प्रत्येक खूण पुन्हा जिवंत केली. त्यावर वॉर्निशचे तीन हात दिले. टाकी काठोकाठ भरून, काटा ‘भरलेली’वर उभा असतानाच दिले, तो तिथेच शोभून दिसत होता!

धक्क्यावर चाळीस माणसं काळ्या कपड्यांत उभी होती. या तळ्यावर काट्याकडे कुणी बघत नाही. टाकी उचलतात आणि वजनावरून ओळखतात. त्या सवयीने शेजारचा हालवोर वाकला.

“हात लावू नकोस! रंग ओला आहे!” ऑरिन ओरडला.

“बरं बाबा, नाही लावत. पेट्रोल आहे ना पण?”

“डोळे आहेत ना तुला? काटा बघ की!”

हालवोरने बघितलं. काटा ‘भरलेली’वर होता. त्याने मान डोलावली.

“आणि वल्ही?” होडीत बसता बसता पाद्रीबाई सोल्वेग यांनी विचारलं.

“घरी सुतारकामाच्या घोड्यांवर वाळताहेत. त्यांनाही वॉर्निश दिलंय.”

“अस्सं,” पाद्रीबाई म्हणाल्या. मिनेसोटाच्या उत्तरेत मोठ्यात मोठी शंका याच शब्दात मावते.

बेटापलीकडच्या खोल पाण्यात रक्षा सोडायची, असं एइनारने स्वतः लिहून ठेवलं होतं. आर्डिस, पाद्रीबाई आणि ऑरिन यांना घेऊन होडी बेटाच्या अर्ध्या वाटेवर असताना इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि निवर्तलं. जूनचं राखाडी आभाळ पाण्यावर कोपरं टेकून बसलं होतं. ऑरिनने काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म! अखेर आपल्याच रंगात बोटं रुतवून त्याने टाकी उचलली. ती एखाद्या रिकाम्या टोपीसारखी वर आली; होडी इथवर आली होती ती नळीत उरलेल्या घोटभर पेट्रोलवर.

तेव्हा त्याला आठवलं. तळ रंगवण्यासाठी त्याने टाकी उपडी करण्याआधी रिकामी केली होती, आणि आज सकाळी काटा बघून, आपणच ती पुन्हा भरली असणार, असं मानलं होतं. सत्तरीच्या माणसाला स्वतःच्या स्मरणापेक्षा काट्याचा भरवसा जास्त. आणि काटा? तो वॉर्निशमध्ये पुरता चिकटला होता.

“काय झालं?” आर्डिसने विचारलं.

“भरलेली आहे,” ऑरिन खोल आवाजात म्हणाला, “पण पेट्रोल नाही.”

तो उभा राहिला आणि दोन्ही हात हलवू लागला. “अहो! इकडे या! मदत!”

वारा उलटा होता. काठावर चाळीस हात वर झाले आणि सावकाश हलले. कुणीतरी रुमाल काढला. ऑरिन आणखी जोरात हात हलवू लागला; तिकडे हुंदके वाढले!

“अरे, निरोप कसला देताय! मदत! मदत!”

काठाने स्तोत्र सुरू केलं. सहाही कडवी झाली. होडी जागची हलली नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून झाली. मग कुटुंबाच्या एकांतात व्यत्यय नको, अशा समंजसपणाने माणसं चर्चच्या तळघरात जेवायला निघाली. एकेक मोटार झाडांआड नाहीशी झाली. शेवटची हालवोरची. त्याने भोंगासुद्धा वाजवला नाही, इतका तो सभ्य!

आर्डिसने होडीच्या काठावरून खाली पाण्यात बघितलं.

“इथे किती खोल असेल?” तिने विचारलं.

“बारा फूट. चाळीस वर्षांत इथे त्याला एक मासा लागला नाही.”

“मग इथल्या माशांचा तरी त्याच्यावर राग नसेल,” ती म्हणाली आणि डबा उघडला.

पाद्रीबाईंची प्रार्थना संपली. राखेचा फिकट पट्टा लांबत गेला आणि विरला. ऑरिन तळव्यांवरच्या लाल रंगाकडे बघत म्हणाला, “आर्डिस, मी आलो नाही.”

“माहीत आहे. खिडकीतून तुझी गाडी दिसायची. तिन्ही वेळा. तो म्हणायचा, ‘येईल वर, जरा धीर गोळा करतोय.’”

ऑरिनला वाटलं, हे बारा फूट आपल्यालाही पुरले असते.

दोन तासांनी वाऱ्याने त्यांना लव्हाळ्यात नेऊन सोडलं. तिघे मांडीभर चिखलातून चालत काठावर आले आणि तसेच ओले तळघरात शिरले. लोकांच्या हातातले हॅमचे सँडविच हातातच राहिले.

“पाण्यात उतरून निरोप दिलात!” म्हाताऱ्या मिसेस क्वामनी डोळे पुसले. “आणि किती वेळ हात हलवत होतास रे ऑरिन! असा मित्र हवा. माझ्या वेळी होडी तूच चालव.”

“मिसेस क्वाम, खरं सांगायचं तर टाकीत—”

आर्डिसची चिखलाने भरलेली टाच त्याच्या पायावर पडली.

“ऑरिनने सगळं आधीच ठरवलं होतं,” ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. मिसेस क्वाम कॉफी आणायला वळल्या, तशी ती कुजबुजली, “हे एइनारसाठी केलं, तुझ्यासाठी नाही. माझा राग आहे तसाच आहे.”

“असणारच.”

“चार महिन्यांचा आहे. इथे उभ्या उभ्या निघायचा नाही. रविवारी घरी ये, बसून नीट भांडू.”

“किती वाजता?” ऑरिनने इतक्या आनंदाने विचारलं की पलीकडच्या टेबलावरून हालवोरने दुखवट्यात असं हसणाऱ्या माणसाकडे फार सभ्यपणे दुर्लक्ष केलं.