पाटीवरचं तूप

चिकटवण्याच्या बाबतीत नरहरराव कोणाचं ऐकून घेत नसत. अख्खी नोकरी पोस्टात तिकिटं चिकटवण्यात गेली होती. त्यामुळे लेकीच्या दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर 'अस्मिता दंत चिकित्सालय' ही उठावाची सोनेरी अक्षरं बसवायला तानबा पाटीवाला ड्रिल मशीन घेऊन आला, तेव्हा ते दारातच आडवे आले.

"नव्या कोऱ्या पाटीले भोकं पाडतं?"

"काका, स्क्रूशिवाय नाई टिकत हे."

"डबल टेप दे इकडे. मी लावतो."

तानबानं दोन्हीकडून चिकटणारा टेप दिला, स्पिरिटची बाटली दिली. "पाटी पुसून घेजा फक्त. तेलकट जाग्यावर टेप धरत नाई."

उद्घाटनाला मधुकरराव येणार होते. ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष. ते ज्या डॉक्टरकडे जातील, तिकडे आर्वीतले सगळे म्हातारे मुकाट जात. पण मधुकररावांना सुईची भीती. समोरचा एक दात दाराच्या कडीसारखा हलत होता, तरी ते डॉक्टरची पायरी चढत नव्हते. फीत बाहेरच्या बाहेर कापायची म्हणून तयार झाले. त्यांच्यावर छाप पडली तर अस्मिताचा दवाखाना चालणार, नाहीतर खुर्चीवर धूळ.

सकाळी नरहररावांनी पाटी चकाचक पुसली, पेन्सिलनं अक्षरांच्या जागा आखल्या आणि आंघोळीला गेले. येऊन पाहतात तर प्रत्येक जागेवर तुपात कालवलेल्या कुंकवाचं बोट ओढलेलं. शेजारी त्यांची बायको प्रमोदिनीबाई ताम्हण घेऊन उभ्या.

"अक्षरांवर लावलं असतं तं सोनेरी रंग खराब झाला असता. म्हणून आतून लावलं. लोकांले दिसत नाई, देवाले दिसते."

"अवं, तुपावर टेप धरत नाई."

"मग पुसा. लेकीच्या पहिल्या दिवशी कुंकू पुसा. मी पाहून राह्यले."

नरहररावांनी फडकं खिशात घातलं. तुपावरच टेप लावला आणि एकेक अक्षर खांद्यानं रेटलं. बसलं बिचारं.

अकराच्या उन्हात तूप पातळ झालं.

"बाबा, 'अ' खाली येऊन राह्यला," अस्मिता कानाशी म्हणाली.

"उन्हानं तसं वाटते."

मग 'चिकित्सालय' घाटातल्या एस्टीसारखं हळूहळू उतरायला लागलं. नरहरराव स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी 'अ' दाबून धरला. त्यांचे मेहुणे रूपराव दुसऱ्या टोकाला 'य' धरून उभे राहिले. मधली अक्षरं देवावर सोडली.

पाटीकडे पाठ करून मधुकररावांचं भाषण चाललं होतं. मध्येच त्यांनी मान वळवली. "नरहरभाऊ, वर काऊन चढले?"

"मी भाषण असंच ऐकतो."

मधुकररावांना ते पटलं. ते पुढे बोलू लागले.

'दंत'च्या डोक्यावरचा अनुस्वार वेगळा कापलेला होता. गोल, सोनेरी, पेढ्याएवढा. तो सुटला आणि खाली प्रमोदिनीबाईंच्या हातातल्या पेढ्यांच्या ताटात अलगद बसला. हे फक्त नरहररावांनी पाहिलं, पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले.

"मधुकरराव, थांबा जरा—"

"बोलू द्या मले," म्हणत मधुकररावांनी न बघता ताटातून पेढा म्हणून नेमका तोच उचलला आणि चावला.

ते एकदम गप्प झाले. लोकांना वाटलं, गहिवरले. मधुकररावांनी तोंडातला पेढा ओढला. एका कडेला टेप तुपातून वाचला होता. ज्या टेपनं पाटी धरली नाही, त्यानं दात धरला. अनुस्वार बाहेर आला तो दात घेऊनच.

अस्मितानं त्यांना आत नेलं, कापूस दिला. त्यांनी आरशात पाहिलं, खिंडारात जीभ घालून पाहिली.

"निघाला?"

"निघाला काका."

"सुई?"

"दिलीच नाई."

बाहेर उरलेली अक्षरं पट-पट पडत होती. मधुकररावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते तडक मंडळात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या पाटीखाली अख्खं मंडळ रांगेत उभं. अस्मिताचे डोळे भरून आले. तिनं पहिल्या नंबरच्या चिंधूजींना खुर्ची दाखवली.

"बसा काका. तोंड उघडा."

चिंधूजी बसले नाहीत. "तू राहू दे बाई. थो पेढ्यानं दात काढणारा डॉक्टर कुठं हाय? थो स्टुलावरचा?"

अस्मितानं भिंतीवरच्या आपल्या डिग्रीकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "एप्रन घाला. नुसते उभे राहा. आन कशालेच हात लावू नका."