नमुन्यादाखल मारोतराव

सुधाकरच्या कॉम्प्युटर सेंटरात पंखा कॉम्प्युटरसाठी लावला होता आणि त्याखाली मारोतराव बसत. आदिलाबादकडच्या बोथ गावच्या बाजारात वांगी-टमाटे विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता मळा दुसऱ्याला कसायला देऊन ते मोकळे झाले होते आणि पुतण्याच्या दुकानातली एकुलती एक चांगली खुर्ची अडवून "आता हे काय करून राह्यला बे?" एवढं विचारण्याचं काम इमानेइतबारे करत होते.

सुधाकर काय करून राहिला होता ते सांगणं सोपं नव्हतं. लोकांचे अर्ज टाइप करून देणं हा त्याचा धंदा होता, पण जीव अडकला होता 'दवंडी'त. दवंडी म्हणजे त्याने लिहिलेला प्रोग्राम. एका पत्त्यावर ईमेल पाठवलं की यादीतल्या सगळ्यांना ते पोचवायचं, एवढंच तिचं काम. हा प्रोग्राम त्याने आतल्या सगळ्या ओळींसकट जगाला फुकट देऊन टाकला होता. कोणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. परदेशातली माणसं त्यातल्या चुका काढत, दुरुस्त्या पाठवत, आणि सुधाकर एसटीडीने हैदराबादच्या एका मित्राच्या मशीनला फोन लावून, लाइन तुटायच्या आत त्या उतरवून घेत असे.

"मंग याचा आपल्याले काय उपेग?" मारोतराव रोज विचारत. एक दिवस उपयोग त्यांनाच सापडला.

मारोतरावांची बायको गेली तेव्हा हैदराबादला नोकरीत असलेल्या भगवानला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, रीतीप्रमाणे कोपरा फाडलेलं कार्ड टाकलं होतं. कोपरा फाडलेला दिसला की मजकूर वाचायच्या आधीच माणूस निघतो. पण कार्ड कुठे फिरत राहिलं कोण जाणे, भगवान आला तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. ते शल्य मारोतरावांच्या मनातून गेलं नव्हतं.

"माह्या टायमाले असं नाई झालं पायजे," ते म्हणाले. "मले भगवानच्याच हातची आग पायजे. तुह्या या डब्यात कोपरा फाडता येते का?"

सुधाकर विचारात पडला आणि खुलला. ज्या नातेवाइकांच्या ऑफिसात ईमेल होतं त्यांची त्याने यादी केली. रोज पत्रं नकोत म्हणून बहुतेकांनी आठवड्याचा एकच गठ्ठा मागितला होता. मग त्याने दवंडीला नवी सोय जोडली. पत्राच्या डोक्यावर 'कोपरा' हा शब्द घातला की ते गठ्ठ्यात न थांबता तडक सगळ्यांकडे जाणार. पत्र टाकायला कोणालाही मोकळीक ठेवली, कारण मेलेला माणूस स्वतःच्या मरणाची खबर स्वतः देत नाही, हा मारोतरावांचा मुद्दा बिनतोड होता.

परदेशातल्या मंडळींना कोपरा फार आवडला. फक्त तो वापरायचा कसा, हे लिहून द्या, असं सगळे म्हणू लागले. प्रोग्राम लिहिणं हौसेचं काम असतं. तो कसा वापरायचा हे लिहून ठेवणं म्हणजे लग्न लागल्यावर मांडव सोडणं. त्या कामाला कोणी थांबत नाही. सुधाकर मात्र बसला. सगळं नीट इंग्रजीत लिहिलं आणि नमुन्यापाशी अडला.

"नमुना काय देऊ, काका?"

"माहाच दे. मारोतराव आज सकाळी वारले, लगेच निघा."

"काहून जित्या जिवाचं अभद्र बोलता, भाऊजी?" चहा घेऊन आलेल्या रेणुकाबाई कळवळल्या. त्या सुधाकरच्या आई आणि मारोतरावांच्या थोरल्या वहिनी. "दुसरं काई भेटत नाई का लिहाले? बारशाचं लिहा."

"बारशाले कोनी पळत येते का, वयनी? खरं वाटलं पायजे."

सुधाकरने तारेतली भाषा उचलली. 'मारोतराव एक्स्पायर्ड धिस मॉर्निंग. स्टार्ट इमिजिएटली.' त्याखाली घरच्या यादीचा खराखुरा पत्ता घातला आणि वर सूचना लिहिली, की खालचा मजकूर जसाच्या तसा टाइप करून पाठवा. मग ते सगळं जगासाठी ठेवून दिलं. इथपर्यंत कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

ब्राझीलमधल्या एका सज्जन माणसाने सूचना पाळली.

शिमगा तोंडावर आला होता. मारोतराव मळ्यात हरभरा उपटायला गेले होते आणि सुधाकर कामासाठी आदिलाबादला. दुपारी नागपूरहून जीप आली, मागून निर्मल गावाकडची माणसं आली. बायका कोपऱ्यावरूनच गळा काढत उतरल्या. रेणुकाबाईंना वाटलं, आपल्याला न सांगता घरात कोणी गेलं. त्या काहीही न विचारता त्यांच्यात सामील झाल्या. अंगण भरलं, कोणीतरी बांबू आणायला धावलं, आणि एवढ्यात हरभऱ्याची पेंडी डोक्यावर घेऊन मारोतराव दारात उभे राहिले.

"कोन गेलं, बाप्पा?" त्यांनी पेंडी खाली टाकून डोक्यावरची टोपी काढत विचारलं.

संध्याकाळी हैदराबादच्या बसमधून भगवान उतरला. बाप आता सापडत नाही असं धरून त्याने वाटेत निर्मलच्या स्टँडवरच डोकं भादरून घेतलं होतं. बोडका मुलगा आणि जिवंत बाप एकमेकांकडे बघत राहिले. मग मारोतराव हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

"आला लेका! दिवस मावळाच्या आत आला!" ते सगळ्यांना सांगत सुटले. "सुधाकरचं यंत्र पक्कं हाय."

भगवानला मात्र ते यंत्र जड गेलं. ऑफिसात त्याने बापाच्या मरणाची रुखसत, म्हणजे रजा, घेतली होती. परत गेला तेव्हा साहेबांनी शोकसभा उरकली होती, कागदाला कागद लागला होता, आणि डोक्यावर केस नव्हते. बाप जिवंत आहे हे कोणत्या तोंडाने सांगणार? तो गप्प बसला. सरकारी दफ्तरात मारोतराव तेव्हाच वारले.

सुधाकरने ब्राझीलला कडक पत्र लिहिलं. उत्तर अत्यंत नम्र आलं. तिकडे 'एक्स्पायर्ड' म्हणजे मुदत संपलेला. मारोतराव हे यादीचे सभासद असून त्यांची मुदत संपली आहे, आणि 'स्टार्ट इमिजिएटली' ही ती पुन्हा सुरू करायची आज्ञा आहे, असं त्या माणसाने धरलं होतं. खाली त्याने विचारलं होतं, की मारोतरावांची मुदत वाढवता येते का?

सुधाकरने ते वाचून दाखवलं. मारोतरावांनी गंभीरपणे विचार केला.

"त्याले लिही, त्याले सापडलं तर आमालेबी कळव."

नमुना बदलला. पण तोवर जुनी प्रत कुठल्या कुठल्या मशीनवर चढली होती आणि जो तो आपल्याकडचीच वाचत होता. जर्मनीत कोणीतरी दवंडी शिकला आणि मारोतराव गेले. पोलंडमध्ये एका मास्तरने अख्ख्या वर्गाला दवंडी शिकवली आणि मारोतराव एका दुपारी पोरागणिक गेले. दुसऱ्या मरणाला मोजकी माणसं आली. तिसऱ्याला एक म्हातारी मावशी आली, तीही बोथला बाजार होता म्हणून.

"पह्यल्या मरनाची मजा काई और होती," मारोतराव म्हणाले. ते हसत होते, पण ओट्यावरून रस्त्याकडे बघत होते. भगवान त्या दोन्ही वेळी आला नव्हता. नुसता फोन आला होता.

सुधाकरने पत्ताच बदलून टाकला. पण नवा पत्ता कळवणारं पत्र जुन्याच पत्त्यावरून गेलं, आणि जुन्या पत्त्यावर आता कोणाचा विश्वास नव्हता. सगळ्यांनी ती चाचणी समजून उडवून लावली. जुना पत्ता पुन्हा चालू करावा लागला.

शेवटी भगवानने फोनवर निक्षून सांगितलं, "सुधाकर, हे बंद कर. माह्यानं रोज रोज बाप मेल्याचं वाचनं होत नाई."

म्हणून सुधाकरने बंदोबस्त केला. नमुन्यातली ती ओळ कुठूनही आली की दवंडी ती आता अडवणार होती. पण मारोतरावांनी त्याचा हात धरला.

"नुसती अडवू नको. मी बरा हाओ म्हनून सगळ्यायले कळव. तेवढीच पोरायले माही आठवन येते."

त्यांनी मजकूरही सांगितला, आणि सुधाकरने तो जसाच्या तसा बसवला. 'मी मारोतराव. मी बरा हाओ. कोनी निघू नका. आपापले कामं करा.'

तेव्हापासून दूरदेशी कोणी दवंडी शिकायला बसला, की हैदराबाद-नागपूरच्या ऑफिसांत मारोतरावांचं खुशालीचं पत्र पडू लागलं. नातेवाइकांना गंमत वाटू लागली. भगवान तर उत्तरही देऊ लागला. 'वाचून बरं वाटलं, बाबा.' 'वांगी पाठवा.' जन्मात त्याने बापाला इतकी पत्रं लिहिली नव्हती. सुधाकर ती वाचून दाखवी आणि मारोतराव पंख्याखाली डोळे मिटून ऐकत. लोकहो, दवंडी शिका, असं त्यांना जगाला ओरडून सांगावंसं वाटत असणार.

डिसेंबरच्या थंडीत एका सकाळी ते खुर्चीवर येऊन बसले. सुधाकरने कॉम्प्युटर लावला. "आज काय करून राह्यला बे?" हा प्रश्न आला नाही म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. काका डोळे मिटून बसले होते, पण ऐकत नव्हते.

सुधाकर धावत एसटीडी बूथवर गेला. भगवानच फोनवर आला.

"भगवान, काका गेले रे!"

"या खेपी कोनत्या देशातून?" भगवान हसून म्हणाला. "अबे, साहेब समोर बसून हाय. ठेव." आणि फोन ठेवला.

सुधाकरने पुन्हा लावला. या वेळी दुसऱ्याच कोणीतरी उचलला. "उनके वालिद तो होली के पहलेच गुजर गए ना मियाँ," तो समजुतीने म्हणाला. "हमलोगां शोकसभा भी कर लिए."

तो दुकानात परतला. रेणुकाबाई दिराच्या पायाशी बसून रडत होत्या. सुधाकर कॉम्प्युटरपुढे बसला. डोळ्यांपुढे अक्षरं फिरत होती, पण बोटांना नमुन्यातली ती ओळ पाठ होती. त्याने 'कोपरा' लिहिलं, खाली ती ओळ लिहिली, पाठवली, आणि लाइन तुटली. गेलं, तो मनाशी म्हणाला. दवंडीवर त्याचा भरवसा होता. आजवर तिच्या हातून एकही पत्र चुकलं नव्हतं. वरून आदिलाबादला माणूस पाठवून तारही करवली, रीत म्हणून.

दिवसभर सगळे थांबले. हैदराबादची प्रत्येक बस हायवेवर थांबली की कोणीतरी जाऊन बघून येत होतं. शेजारचे डोमाजी दोनदा म्हणाले, "आता उचला." सुधाकर म्हणाला, "येते तो. त्याले खबर भेटली हाय." सूर्य पार टेकला तेव्हा रेणुकाबाई उठल्या आणि मुलाच्या हातात मडकं दिलं. आग सुधाकरने दिली.

भगवान तिसऱ्या दिवशी आला, तार हातात घेऊन. पहिल्या खेपेला बाप दारात उभा होता आणि पोरगा बोडका आला होता. आज त्याचे केस नीट विंचरलेले होते, भांगसुद्धा पाडलेला होता, आणि दारात कोणी नव्हतं. खुर्चीपाशी येऊन तो मटकन खाली बसला.

"मी निघालो होतो, मोठी माय," तो रेणुकाबाईंना म्हणाला. "फोन ठेवला अन् मन लागेना. सुधाकर हसला नोयता. पिशवी भरली, ऑफिसाच्या दाराबाहेर पाय टाकला, अन् तेवढ्यात बाबाचंच पत्र आलं. मंग मी परत बसलो."

त्याने खिशातून छापून घेतलेला कागद काढला. सुधाकरने तो पाहिला आणि भिंतीला टेकला. त्याला आता सगळं समजलं होतं.

रेणुकाबाईंना वाचता येत नव्हतं. "काय लिवलं हाय?" त्यांनी विचारलं.

भगवानने वाचलं, "मी मारोतराव. मी बरा हाओ. कोनी निघू नका. आपापले कामं करा."

कॉम्प्युटरचा पंखा तेवढा फिरत होता. रेणुकाबाईंनी तो कागद त्याच्या हातून घेतला, त्याचा एक कोपरा फाडला आणि कागद त्याला परत दिला.

"आता वाच," त्या म्हणाल्या.