बारा बशांचा राब

बशा बारा होत्या. प्रत्येकीत जांभळी जेली आणि जेलीत नागलीची (नाचणीची) तीन रोपं, म्हणजे रोपं छत्तीस. डाव्या रांगेतल्या सहा बशा साध्या. उजव्या सहांत योगिताने एटीपीची नक्कल मिसळली होती. पेशीच्या पडद्यातला पंप ज्या एटीपीवर चालतो, त्याच्यासारखीच दिसणारी, पण ताकद न देणारी. पंप चालला तर रोपाचं मूळ आम्ल बाहेर टाकतं आणि जेली पिवळी होते. नकलेने पंप अडवला तर ती जांभळीच राहते. डावी रांग पिवळी आणि उजवी जांभळी दिसली, की एम.एस्सी.चा प्रकल्प सुटला. परीक्षक मॅडम अकराला येणार होत्या.

मोखाड्याहून एसटीने योगिता दहाला जव्हारच्या कॉलेजात पोचली. टेबलावर बशा दहाच. दहाही जांभळ्या.

"नवसूमामा!"

प्रयोगशाळेचे शिपाई नवसूमामा जामसरचे, भात-नागलीत मुरलेले. ते खुशीत पुढे आले. "घाबरू नको, बाय. सकाळी बघतो तं एक रांग पिवळी पडलेली. पिवळं म्हणजे रोगच. राबाशिवाय, पाला जाळलेल्या राखेशिवाय, रोप उठतं का कुठं? कँटीनच्या चुलीतली राख पाण्यात कालवली, सगळ्यांना चमचा चमचा पाजली. घटकेत बरी झाली!"

योगिताने कपाळाला हात लावला. राख म्हणजे आम्लाची वैरीण. मुळांची रात्रभराची मेहनत मामांनी चमच्याने पुसून टाकली होती.

"निदान पिवळ्यांनाच घालायची!"

"असा दुजाभाव करतं का कोण?"

"सोपं आहे," वर्गमित्र चंदू म्हणाला. "डाव्या रांगेत लिंबू पिळ. लगेच पिवळी."

योगिताने त्याने पुढे केलेलं लिंबू हातात घेतलं.

"रोपाला लिंबू?" मामा ओरडले. "शिकलेली ना तू?"

तिने लिंबू खाली ठेवलं. "आणि मामा, दोन बशा कुठे..."

पण मॅडमची गाडी फाटकात शिरली होती आणि मामा खुर्ची पुसायला धावले होते.

योगिताने राखेसकट सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे दाखवायला काहीच नाही?"

"मामा," योगिता हळूच म्हणाली, "त्या दोन फुटल्या का?"

"फुटतील कशा? पहिली देवाची. रांगा दोन, म्हणून दोन काढल्या. त्यांना आपण औषध करायचं नाय, त्याचं तो बघंल."

मामांनी हात जोडले आणि फळीवरच्या तसबिरीपुढून दोन बशा उतरवल्या.

मॅडमनी पीएच मीटर जवळ ओढला.

साधी बशी पिवळी, ५.२. नक्कल घातलेली जांभळी, ६.७.